सारजाचा उतार

फार वर्षांमागं, कुसरवाडीच्या देवळाला अजून छप्पर नव्हतं तेव्हा, तिथं सारजा नावाची एक बाई राहायची. तिला झोप लागत नसे. गाव उठलं तर आपली लेक ठकी कुठल्या मुलखात वाढणार, या काळजीनं ती या कुशीवरून त्या कुशीवर व्हायची.

आणि गाव उठायची वेळ आलीच होती. वणव्यानं सगळा डोंगरउतार जाळला होता. तेव्हापासून भोपळ्याच्या वेलांना फुलं यायची, पण फुलाखालचा बोटाएवढा भोपळा पिवळा पडून गळायचा. कारळे पोचट निघायचे. गावानं काळ्या बाहुल्या टांगल्या, लिंबं उतरवली. अखेर दसऱ्याला पाटील म्हणाले, "आणखी दोन पावसाळे बघू. नाही धरलं, तर खाली देशावर जाऊ."

दिवाळीला सारजा खिंडीपलीकडं माहेरी गेली. तिथं ठकी वेलाजवळ थबकली. "आई, आपल्या वेलात असं गुणगुणत का नाही?"

तेव्हा सारजाला उमगलं. वणव्यात रानफुलं गेली, आणि फुलांमागं सातेरी जातीच्या मधमाश्या गेल्या. या फुलातला पराग त्या फुलात नेणारं कुणी उरलंच नव्हतं.

निघताना आईनं तिची ओटी तांदळानं भरली नाही, रानबियांनी भरली. सोनकी, कुर्डू, रानतीळ, हात लागताच फुटणारी तेरड्याची बोंडं.

"गावची सून माहेराहून तण घेऊन आली!" गाव हसलं.

पाऊस लागला तसं सारजानं अर्धं बी घरामागच्या परड्यात पेरलं. खोल पेरलं, वर शेणखत घातलं, आणि रोज सकाळी उकरून पाहिलं. सासू म्हणाली, "अगं, तुझ्यापरास कोंबडी शाणी. ती अंड्यावर बसून तरी ऱ्हाती. तू फोडून बगतीस!" बी कुजलं. एक कोंब वर आला नाही.

उरलं ओंजळभर. ते गेलं की गाव गेलं. सारजा स्वतःला पुरती ओळखून होती. 'आता उकरणार नाही' या स्वतःच्या शपथेवर तिचा काडीचा भरवसा नव्हता. पुढच्या मृगाआधी तिनं जळक्या उतारावर बी नुसतं उधळलं, वर मातीही लोटली नाही. मग कासाराला बोलावून दोन्ही हात कोपरापर्यंत काचेच्या बांगड्यांनी भरून घेतले, इतके दाट, की मातीत बोटं रोवली तर एखादी पिचणारच. आणि सवाष्णीच्या हातची बांगडी वाढणं म्हणजे अपशकुन. गावाला वाटलं, बाई नटली.

असं म्हणतात, त्या पावसाळ्यात ती रोज उतारापर्यंत जायची, हात पाठीमागं धरून उभी राहायची आणि तशीच परत यायची. असं म्हणतात, वारा नसताना तिच्या बांगड्या किणकिणायच्या आणि त्या नादानं बी जागं झालं. श्रावण सरता सरता उतार पिवळाधमक झाला. मग खिंडीतून एक ढग आला, पण तो पाण्याचा नव्हता. मधमाश्या सारजाच्या हातांवर पार कोपरापर्यंत बसल्या, आणि एकीनंही नांगी मारली नाही. त्या वर्षी भोपळ्यांच्या भारानं छपरं वाकली, असं म्हणतात. छपरांचं कोण जाणे. गाव मात्र उठलं नाही.

कुसरवाडीत आजही मृगाआधी बायका कोपरापर्यंत बांगड्या भरतात, सारजाच्या नावानं उतारावर रानबी उधळतात, आणि गौरी येईपर्यंत तिकडं पाऊल टाकत नाहीत. गौरीच्या दिवशी गावातल्या सगळ्यांत धाकट्या बोलत्या पोरीला वेलाशी उभं करतात. मधमाश्या आल्या त्या पहिल्या सकाळी सारजा भोपळ्याच्या फुलावर ओणवी होऊन पुटपुटत होती, "धरंल ना गं ठके? का ह्ये बी गळंल?" ठकीनं तिचा पदर ओढला. तेव्हा ठकी जे म्हणाली, तेच ही पोर सगळ्या बायकांना ऐकवते:

"आई, सरक की. माशीला आत जायचंय."