कवडी मांजर आणि न धुतलेली गोधडी

सकाळचे सव्वासात वाजले होते, तेव्हा सुरू झालं हे सगळं. नक्की सव्वासातच. कारण चावडीवरच्या शिपायाने सव्वाचा टोला दिला आणि त्याच टोल्याला रेवूचं बाळ रडायला लागलं.

रेवू कोण? डोंगराखालच्या एका गावातली नवी नवी आई. भारी घाबरट, बरं का. बाळ शिंकलं की घाबरायची, शिंकलं नाही की जास्तच घाबरायची. तिने दुपटं उघडलं तर बाळाच्या पायांवर लाल लाल ठिपके. ओळीने तीन, पुन्हा तीन.

तिच्या सासूबाईंना ती आत्याबाई म्हणायची. त्यांनी वाकून पाहिलं.

"पिसवा," त्या म्हणाल्या. "तुझ्या कवडीची कृपा."

कवडी म्हणजे रेवूची मांजर. पांढरीशुभ्र, शेपटीच्या टोकाला तेवढा काळा ठिपका. रेवूच्या लग्नात तिच्या आईने दोनच गोष्टी दिल्या होत्या. एक कवडी, तेव्हा एवढंसं पिल्लू होती. आणि एक गोधडी, रेवू लहानपणी जिच्यावर निजायची तीच. पुढे वर्षभरात आई वारली. मग रेवूने ती गोधडी कधी धुतलीच नाही. तिला आईचा वास यायचा ना! त्या गोधडीवर बाळ निजायचं आणि बाळाच्या पायाशी कवडी.

"परवा बाजार," आत्याबाई म्हणाल्या. "जाताना हिला टोपलीत घालून नदीपलीकडे सोडून येते. नातू आधी, मांजर मग."

बाळाची काळजी रेवूलाही होतीच. पण कवडी गेली, तर आईने दिलेलं जिवंत असं काय उरणार?

"परवापर्यंत पिसवा गेल्या तर, आत्याबाई?"

"तर राहू दे की. मी काय मांजरांची वैरी आहे?"

मग पहिल्या दिवशी रेवूने कडुलिंबाचा पाला उकळला, पाणी कोमट केलं आणि कवडीला न्हाऊ घातलं. कवडीने ओरडून गल्ली गोळा केली. रेवूच्या हातावर नक्षी काढून ठेवली. पण पिसवा गेल्या! रेवू खूश. कवडी आपली जाऊन गोधडीवर निजली. सकाळी बघतात तर काय? पिसवा परत हजर.

मग दुसऱ्या दिवशी रेवू धनगराकडे गेली. तो म्हणाला, "माझ्या कुत्र्याच्या अंगावर गोचीड टिकत नाही की पिसू. ही भुकटी ने." रेवूने ती कवडीला चोळली. आता मांजर कसं असतं, तुम्हाला माहीतच आहे. दिवसभर अंग चाटतं. थोड्या वेळाने कवडीचे पाय लटपटायला लागले, तोंडाला फेस आला. रेवूने तिला पदरात घेतलं आणि अनवाणीच पळत सुटली.

गावाबाहेर भिवानाना राहायचे, जनावरांचे वैद्य. त्यांनी कवडीला साबणाच्या कोमट पाण्याने धुतलं, पंच्यात गुंडाळलं, आपल्याजवळचं औषध दिलं आणि तिच्याजवळ बसून राहिले. बसले, बसले, तेव्हा कुठे कवडीने डोळे उघडले.

"काय गं पोरी," नाना म्हणाले, "नवऱ्याचे जोडे बाळाला घालतेस का?"

"नाही, नाना."

"मग कुत्र्याचं औषध मांजराला कसं लावलंस? कुत्र्याला सोसतं त्याने मांजर जिवानिशी जातं."

रेवूला रडूच फुटलं. मग नाना जरा मऊ झाले. कवडीच्या कानामागे एक गोचीड फुगून बसला होता. नानांनी तो चिमट्याने अगदी कातडीलगत धरला आणि न पिळता, हळूच सरळ ओढून काढला. मग रेवूच्या हातात बारीक दातांची फणी दिली.

"आता हिला काही लावू नकोस. नुसतं विंचर. पिसू सापडली की साबणाच्या पाण्यात टाक. आठ दिवसांनी हिला घेऊन ये. हिच्या वजनाला बेतून मांजराचंच औषध देतो. ते मानेवर घालायचं, जिथे हिची जीभ पोचत नाही तिथे."

तिसरा दिवस उजाडला, बाजाराचा. आत्याबाईंची टोपली ओट्यावर तयार. रेवू अंगणात बसून विंचरतेय, विंचरतेय. इतक्यात फणीत एक म्हातारी पिसू अडकली. तांबूस, टम्म. आणि ती चक्क हसली!

"विंचर बाई, विंचर! मांजराकडे आम्ही जेवायला येतो. राहायला थोड्याच?"

"मग राहता कुठे?"

"वा गं! पत्ता सांगू होय? जिथे तू पाण्याचा थेंब लागू देत नाहीस, तिथे आमची अंडी, तिथे आमची लेकरं. मऊ जागा आहे हो. तुझ्या आईचा हात चांगला होता!"

बोलून गेल्यावर तिने तोंडावर पाय ठेवले. सहाच्या सहा. पण आता काय उपयोग? रेवूने फणी साबणाच्या पाण्यात झटकली. डुबुक!

मग रेवू आत गेली आणि गोधडीशी बसली. तिने गोधडीत नाक खुपसलं. वास होता, पण खरं सांगू? तो दुधाचा होता, मांजराचा होता, ओलीचा होता. आईचा वास केव्हाच विरून गेला होता. रेवूला ते कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. तेवढ्यात बाळ कळवळून रडलं. दारातून कवडी टोपलीकडे बघत होती.

रेवू उठली. "आत्याबाई, ती टोपली ठेवा खाली. हंडा चढवायला जरा हात लावा."

मग पाणी उकळलं. गोधडी, दुपटी, उशांचे अभ्रे, सगळं त्यात गेलं. पाणी काळंभोर झालं. रेवू ढवळत होती आणि डोळे पुसत होती. आत्याबाईंनी घराचे कानेकोपरे झाडले, भिंतीच्या फटी झाडल्या आणि केर जाळून टाकला.

गोधडी कडक उन्हात वाळली. आईची लुगडी एकेक करून ओळखू यायला लागली, हे डाळिंबी, ते मोरपंखी. आणि कोपऱ्यात, इतके दिवस मळात बुडलेल्या, निळ्या दोऱ्याच्या गाठी. रेवूने मोजल्या. नऊ.

"हे काय असेल, आत्याबाई?"

आत्याबाईंनी गाठी चाचपल्या. "अगं, माझी आईसुद्धा मारायची अशा. गोधडी धुतली की एक गाठ. नऊदा धुतलीय ही तुझ्या आईने. आणि तू वेडी, मळ जपत बसलीस!"

पण हे त्या रागावून नाही म्हणाल्या, बरं का.

रेवू हसली. मग तिने सुईत निळा दोरा ओवला आणि दहावी गाठ मारली. सुई धरायची पद्धत थेट आईची.

आत्याबाई बाजाराला गेल्या. टोपली नेली, पण रिकामी. येताना त्यात भाजी होती, आणि तळाशी कवडीसाठी मूठभर सुकट.

पुढे महिनाभर रेवूने दर आठवड्याला अंथरुणं धुतली, नानांचं औषध कवडीच्या मानेवर घातलं. पिसवांचं घरच मोडलं, मग त्या राहतील कुठे? बाळाचे पाय लोण्यासारखे झाले. बाळ, कवडी, रेवू, आत्याबाई, सगळी त्या गोधडीभोवती सुखाने नांदली.

चला, आता डोळे मिटा. उद्या मात्र एवढं करा. ज्यांच्या घरी मांजर आहे, त्यांना सांगा, कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका, आणि मांजराबरोबर त्याचं अंथरूणही धुवा. आणि त्यांना म्हणावं, तुम्हीही पुढे चार जणांना सांगा.