केरबाने ठेवलेले आणि काढलेले दुवे

टाकळबन नावाच्या गावात केरबा नावाचा एक भोळा गिरणीवाला होता. तो भोळा आहे हे गावात सगळ्यांत आधी त्याचं त्यालाच कळलं. तो म्हणायचा, "माझ्या डोक्यात खोल्या भरपूर आहेत, पण भाडेकरू टिकत नाही." म्हणून तो स्वतःच्या डोक्याने काही करतच नसे. दुसऱ्याने सांगितलेलं शब्दाला शब्द धरून करायचं, म्हणजे चूक झाली तरी आपली नाही, असा त्याचा हिशेब.

गावाच्या टोकाला जुनी दगडी बारव होती, तळापर्यंत पायऱ्या असलेली विहीर. रस्ता रुंद करायचा निघाला तेव्हा ती बुजवायचं ठरत आलं. गावच्या निवृत्त शिक्षिका इंदुमतीबाई यांचा त्या बारवेवर जीव. त्यांनी एका बोटाने टाइप करून इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात बारवेवर लेख लिहिला होता. बारव राखायची की नाही, ते पुरातत्त्व खात्याच्या साहेबांच्या हातात होतं. त्यांनी निरोप धाडला, "सोमवारी बघायला येतो. तोवर तुमचा लेख वाचतो." नेमकं त्याच आठवड्यात बाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डोळ्याला पट्टी बसली.

केरबाचा हात मोबाइलवर भलता चालायचा. बाईंनी त्याला बोलावलं.

"केरबा, लेख झालाय. शेवटी 'बाह्य दुवे' म्हणून जागा आहे, ती तेवढी रिकामी आहे. बाहेरचे चांगले दुवे गोळा कर आणि तिथं घाल."

"व्हय बाई."

केरबा एसटी स्टँडवर जाऊन बसला. बाहेरगावचं माणूस उतरलं की पाया पडायचा आणि दुवा मागायचा. संध्याकाळी त्याने बाईंना वाचून दाखवलं, "'देव तुमच्या हिरीला पाणी देवो.' जिंतूरच्या गाडीतली म्हातारी. 'अल्ला खैर करे.' अत्तरवाले चाचा. 'सरक बाजूला.' हे ड्रायव्हरचं आहे, पण मनापासून बोलला म्हणून घेतलं."

बाईंनी त्याला खाली बसवलं.

"अरे, दुवा म्हणजे आशीर्वाद नाही. इंटरनेटवर दुसरी पानं असतात, त्यांच्याकडं जायची वाट म्हणजे दुवा. बारव असा शब्द टाकून शोध. पानं सापडतील."

"व्हय बाई. आधी सांगितलं असतं तर पाया तरी कमी पडलो असतो."

केरबाने शोधलं. बारवेची पानं निघाली. बारव गार्डन नावाचा ढाबा निघाला. बारवे आडनावाचे दाताचे डॉक्टर निघाले. विहिरीवरचे पंप विकणारा निघाला. केरबाने सगळे ओळीने लावले. लेखापेक्षा दुव्यांचं शेपूट लांब झालं.

"केरबा, साहेब हे वाचणार आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांनी दात दाखवायला जायचं का? ज्याचा आपल्या बारवेशी जवळचा संबंध आहे, तेच घाल."

केरबाने रात्रभर विचार केला. बारवेशी सगळ्यांत जवळचा संबंध त्याच्या मेव्हण्याचा आला होता. तो स्वतःच्या हळदीच्या दिवशी बारवेत पडला होता आणि त्याचे दोन्ही पाय मोडले होते. केरबाने मेव्हण्याचं फोटोंचं पान वरती लावलं. खाली लिहिलं, 'तळापर्यंत संबंध.'

बाईंनी कपाळाला हात लावला. पट्टीला लागला म्हणून काढून घेतला.

"माणसांचे फोटो नकोत रे. मेव्हण्याला काढ. आणि जे मेलेले दुवे असतील तेही काढ. एकेक तपासून बघ, जिवंत आहे का."

"व्हय बाई."

एका अभ्यासकाने बारवेचा पायरीन् पायरी नकाशा काढला होता. त्याच्या पानावर सगळं होतं. पण नावामागे 'कै.' होतं. केरबाने हात जोडले, ते पान काढलं आणि घरी जाऊन अंघोळ केली. मग पंपवाल्याला फोन लावला. पंपवाला ठणठणीत निघाला. केरबाने त्याला ठेवलं.

हे ऐकून बाई रागावल्या नाहीत. त्यांचा आवाज बारीक झाला.

"केरबा, तो नकाशाच तर साहेबांना दाखवायचा होता. उद्या बारव बुजवली तर मी कुणाला काय सांगू?"

केरबाला गलबलून आलं. "बाई, माझं डोकं म्हणजे दळायला टाकलेले खडे. जातं झिजतं, पीठ पडत नाही. एकदाच नीट सांगा."

"ऐक तर. पान मेलं म्हणजे ते उघडत नाही. माणूस गेला तरी पान जिवंत असतं. ते परत लाव. आणि बाहेरचा कुणी आत येऊ बघत असेल तर त्याला तीन गोष्टी विचारायच्या. काही विकायला आलाय का? बारवेशी संबंध आहे का? बारवेला त्याचा उपयोग आहे का? जरा जरी शंका आली, तर काढून टाकायचं. ठेवून पस्तावण्यापेक्षा काढलेलं बरं."

केरबाने बसून सगळं पाठ केलं. पंपवाला गेला. डॉक्टर गेले. नकाशा परत आला. शेवटी दोनच दुवे उरले आणि दोन्ही बरोबर होते. बाईंनी शेजारणीकडून खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, "शाबास केरबा. आता तुला कळलं."

असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तो दोन दिवस मान ताठ ठेवून दळत होता.

सोमवारी सगळं गाव बारवेवर जमलं. साहेब जीपने येणार म्हणून सगळ्यांचे डोळे मोठ्या रस्त्याकडे. हार विसरला होता, तो आणायला केरबाला स्टँडवर पिटाळलं. त्याने हार घेतला, तेवढ्यात एसटी आली. खांद्याला पिशवी लावलेला एक साधा माणूस उतरला.

"टाकळबनची बारव कुठं आहे हो?"

"तुम्ही बाहेरचे का?"

"हो."

केरबाने हार पानवाल्याच्या फळीवर ठेवला. "काही विकायला आलाय?"

"नाही बुवा."

"बारवेशी संबंध?"

"अजून तरी नाही. लेख वाचलाय. नकाशा फार छान आहे."

"बारवेला तुमचा उपयोग होईल का?"

माणूस प्रामाणिक होता. बारव बघण्याआधी शब्द कसा द्यायचा? तो हसून म्हणाला, "खरं सांगू? मलाच शंका आहे."

केरबाने पुढे काही विचारलं नाही. त्याची पिशवी उचलून परत गाडीत ठेवली. "बसा," म्हणाला. त्या माणसाला वाटलं, बारव पुढच्या थांब्यावर असेल. तो आभार मानून बसला. कंडक्टरने घंटी दिली. गाडी परभणीला निघून गेली.

केरबा हार घेऊन बारवेवर आला. बाई काठी टेकत पुढे झाल्या.

"केरबा, स्टँडवर साहेब दिसले का रे?"

"साहेब नाही दिसले बाई. एक बाहेरचा आत येत होता. तिन्ही विचारलं. त्याची त्यालाच शंका होती, म्हणून काढून टाकला."