काळ्या तोड्यांचा अपराध

एका राज्यात सकाळ उजाडे ती तोड्यांच्या आवाजाने. बायका पाणवठ्यावर निघाल्या, की पायांतले रुप्याचे तोडे एकमेकांवर आपटत, आणि असा नाद उठे, की कानात शिरला तर बराच वेळ बाहेर पडत नसे. मी तो फार वर्षांपूर्वी ऐकला आहे. गिलटाचा, म्हणजे रुप्यासारख्या दिसणाऱ्या हलक्या धातूचा, आवाज ठक् करून मरतो. रुपे तसे मरत नाही, ते गात गात लांब जाते.

पुढे त्या राज्यात एक वर्ष असे आले, की सकाळी तो आवाज येईना. ही गोष्ट त्या वर्षाची. हळू सांगतो, कारण भरभर सांगायला गेलो तर राग आवरत नाही.

त्या राज्याची रीत अशी होती. मुलगी जन्मली, की बाराव्या दिवशी तिच्या पायांत रुप्याचे वाळे घालायचे. मुलगी वाढली, की तेच वाळे आटवून, त्यात भर घालून, तिचे तोडे घडवायचे. म्हणजे प्रत्येक बाईच्या तोड्यात तिचे बाळपण असे. असा तोडा कुणी कुणाला देत नसे, आणि कुणी कुणाकडे मागत नसे.

राजाचे नाव सुमेध. मनाने वाईट नव्हता, पण जे पांढरे आणि चकचकीत, ते चांगले, अशी त्याची समजूत होती. त्याच्या दरबारी शुभ्रकेतु नावाचा मांत्रिक आला. वस्त्रे पांढरी, दाढी पांढरी, हातातली काठी पांढरी. ती काठी कधी काळवंडत नसे.

मांत्रिक म्हणाला, "महाराज, रुपे पापाने काळे पडते. जिचे तोडे काळे, तिचे मन काळे."

राजाने मान डोलावली. एवढे मोठे राज्य, गल्लोगल्ली सोनार, आणि राजाला विचारायला एक सोनार सापडू नये! पण नाही सापडला.

मग हुकूम निघाला. डोंगराच्या पायथ्याशी ऊन पाण्याचे कुंड होते. त्याला कुजक्या अंड्यांसारखा वास येई. प्रत्येक आळीतल्या बायकांनी पाळीपाळीने त्या कुंडात तीन बुड्या मारायच्या आणि पाय दाखवायचे. तोडे काळे निघाले, की मांत्रिक काठी टेकवी, आणि बाईची साळुंकी होऊन उडून जाई. तोडे काठावर पडत. ते टोपल्यांत भरून मांत्रिकाच्या तळघरात जात.

राहिलेल्या बायका घाबरल्या. राख आणि वाळू घेऊन रात्रंदिवस तोडे घासू लागल्या. नक्षी झिजली, घडवणाऱ्याची खूण झिजली, आणि तोडे पातळ होऊन तुटू लागले. तोडा तुटला, हे दुसरे पाप ठरले! शेवटी मांत्रिकाची माणसे दारोदार हिंडू लागली. "रुपे आम्हाला द्या, हे पवित्र तोडे घ्या." ते तोडे गिलटाचे. ते कुंडात काळे पडत नसत, म्हणून ती बाई शुद्ध ठरे. आपले बाळपण टोपलीत टाकून बायका शुद्ध होत होत्या.

याविरुद्ध एकच बाई बोलली. बयजा सोनारीण. नवरा गेल्यावर तिने भट्टी स्वतः चालवली होती. भर दरबारात ती म्हणाली, "महाराज, रुपं काळं पडतं ते धुरानं, घामानं, आणि सगळ्यांत लवकर या कुंडाच्या वासानं. तो रुप्याचा स्वभाव आहे. त्यात बाईचा काय दोष?"

मांत्रिक हसला. दुसऱ्याच दिवशी बयजाला कुंडावर नेले.

तिची लेक आवडी दुकानात बसली होती. संध्याकाळी वळचणीला एक साळुंकी येऊन बसली आणि म्हणाली, "भट्टी विझू दिलीस ना? आळशी कुठली!" आवडीने आई ओळखली.

साळुंक्या माणसासारख्या बोलत. पण दर पौर्णिमेला त्या काहीतरी विसरत. पहिल्या पौर्णिमेला बयजा नवऱ्याचे नाव विसरली. दुसऱ्या पौर्णिमेला घराची वाट; आवडीने तिला शोधून आणले. तिसरी पौर्णिमा दोन दिवसांवर आली, तेव्हा ती लेकीला म्हणाली, "अगं ए, तुझं नाव जिभेवर आहे, पण..." आणि थोड्या वेळाने, "हां, आवडी."

आवडी उठली. साळुंकी खांद्यावर घेतली आणि थेट दरबारात गेली.

"काय हवं मुली?" राजाने विचारले.

"आई."

दरबार हसला. आवडी हसली नाही. "आणि कुंडावर उडवलेल्या सगळ्या बायका. आणि जिचे तिचे तोडे."

मांत्रिक म्हणाला, "हिला रुप्याचं एवढं कळतं, तर तीन कामं करून दाखवू दे. हरली तर हीही साळुंकी."

"कबूल," राजा म्हणाला.

"कबूल," आवडी म्हणाली.

"विचारलंस तरी का मला?" साळुंकी म्हणाली.

पहिले काम. शंभर तोड्यांचा ढीग. त्यात एक जोडीविना उरलेला तोडा रुप्याचा, बाकी गिलटाचे. कानस लावायची नाही, आग लावायची नाही, आणि रुप्याचा तोडा ओळखायचा. आवडीने एकेक तोडा दोऱ्याला टांगला आणि लाकडी खुंटीने वाजवायला घेतला. मांत्रिकाने काहीतरी पुटपुटले. त्याबरोबर दालनातले सगळे आवाज मुके झाले. खुंटी पडे, पण ऐकू काही येईना. साळुंकी चोच नुसतीच उघडमीट करू लागली.

आवडीने खुंटी ठेवली. खुणेने तिने ऊन पाण्याचे घंगाळ मागितले. प्रत्येक तोड्याचे एक टोक पाण्यात बुडवायचे आणि दुसरे चिमटीत धरायचे. गिलटाच्या तोड्यांतून ऊब रेंगाळत वर येई. एकसष्टावा तोडा बुडवला आणि तिच्या बोटांना चटका बसला. रुपे ऊब अडवत नाही, लगेच पोचवते. तिने तो तोडा राजासमोर ठेवला. आवाज परत आले. सगळ्यांत आधी साळुंकीचा आला. "मेल्या, माझं तोंड बंद करतोस!"

दुसरे काम दुसऱ्या दिवशी. एक काळाकुट्ट तोडा. तो मावळतीच्या आत उजळायचा, पण गुंजभरही वजन घटता कामा नये आणि नक्षीचा एक दाणा बिघडता कामा नये.

मांत्रिकाचा सेवक पुढे आला. "राख आणू?"

"तुझ्या अकलेला लाव," साळुंकी म्हणाली.

आवडीने रिठे भिजवून त्यांचा फेस काढला. त्यात तोडा बुडवून ठेवला. मग चिंचेचा पातळ कोळ घेतला आणि जुन्या मऊ धोतराच्या चिंधीने, नक्षी जिकडे वळेल तिकडे बोट वळवत, हलके हलके पुसत राहिली. तान्ह्याचे अंग पुसावे, तशी. मग स्वच्छ पाणी, मग कोरडे फडके. ओल म्हणून राहू दिली नाही.

मांत्रिक वाकून बघत ओरडला, "महाराज, खोबणींत काळं उरलं आहे!"

"ते ठेवायचंच असतं," आवडी म्हणाली. "त्याच्यामुळे नक्षी दिसते. ते काढलं, तर फुलाची पाकळी कुठली आणि देठ कुठला, कळणार नाही."

राजाने तोडा हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने रुपे नीट पाहिले असावे. तराजूत घातला, तर काटा जागचा हलला नाही.

तिसरा दिवस पौर्णिमेचा. मांत्रिक म्हणाला, "आता शेवटचं. राज्यातलं सर्वांत निष्पाप माणूस शोधून आण. निष्पापाचं रुपं कुंडात काळं पडणार नाही. पडलं, तर महाराज, ही म्हणते ते खरं."

त्याला वाटले, असे माणूस हिला मिळायचे नाही. आणि खरेच, आवडी दुपारपर्यंत वणवण फिरली. पुजाऱ्याने हात जोडले. वैद्याने दार लावले. दरबारातल्या एकाही शहाण्याला आपण निष्पाप आहोत, असे म्हणायचा धीर झाला नाही. बायकांना पापी म्हणायला मात्र हेच सगळे हजर होते!

साळुंकी तिच्या खांद्यावरून म्हणाली, "पोरी, तू चांगली दिसतेस. कुणाची गं तू?"

आवडीने पाऊल झपाझप उचलले. राजवाड्याच्या मागल्या दाराने ती राणीकडे गेली. राणीच्या मांडीवर पंधरा दिवसांची राजकन्या होती. तीन दिवसांपूर्वीच तिच्या पायांत वाळे घातले होते.

आवडीने सगळे सांगितले. राणीने ऐकून घेतले, बाळाच्या पायातला एक वाळा सोडवला, बाळ छातीशी धरले आणि चालत कुंडावर आली. तिथे राजा आणि मांत्रिक वाट पाहत होते.

मांत्रिक पुढे झाला. "राणीसाहेब, राजकन्येला यात आणू नये."

"का?" राणी म्हणाली. "हिच्याहून निष्पाप कोण आहे इथं? तुम्ही?"

वाळा राणीने राजाच्या हातात दिला. "तुम्हीच बुडवा."

राजा काठावर बसला. त्याने वाळा पाण्यात धरला. वाळा पिवळसर झाला. मग तांबूस. मग निळसर. आणि मग सगळ्यांच्या देखत काळा पडला.

बाळाला शिंक आली, तेवढाच आवाज.

मांत्रिकाचे ओठ पांढरे पडले. पण लोभ माणसाला गप्प बसू देत नाही. तो काठी उचलून म्हणाला, "महाराज, नियम तो नियम!"

काठी बाळाच्या दिशेने वळली, तशी राजाने ती धरली. "दोष पाण्याचा आहे," तो म्हणाला. "आणि त्याहून जास्त माझा आहे. बायकांचा नव्हता."

एवढे शब्द त्याच्या तोंडून निघाले आणि त्याच्या विश्वासावरच तगलेली ती काठी मधोमध मोडली. वर कल्हईचा मुलामा, आत जस्त. मांत्रिक उभ्या जागी राखेचा ढीग झाला. ती राख भांडी घासायलाही कुणी नेली नाही.

चंद्र अजून डोंगराआड होता. झाडांवरून, वळचणींवरून, मंदिराच्या कळसावरून साळुंक्या उतरल्या, आणि जिथे जिथे पाय टेकले, तिथे तिथे बायका उभ्या राहिल्या. आवडीचा खांदा एकदम हलका झाला. मागून आवाज आला, "आवडे, हाताला केवढा चटका बसलाय तुझ्या! तूप लावलंस का?"

आवडी तेव्हा कुठे रडली.

तळघर उघडले. तोड्यांचे डोंगर निघाले. ज्यांची खूण शाबूत होती, त्या बायकांनी आपापले तोडे ओळखले. पण राखेने घासलेल्यांना आपलाच तोडा ओळखू येईना. एकसारखे, गुळगुळीत, मुके तोडे हातात घेऊन त्या बसून राहिल्या. तेव्हा बयजा मध्ये येऊन बसली. तिने आणि तिच्या नवऱ्याने निम्म्या राज्याचे तोडे घडवले होते. ती डोळे मिटून तोड्यावरून अंगठा फिरवी, सांधा कुठे आहे ते चाचपी आणि म्हणे, "हा सुगंधाचा. हा धाकट्या वेशीवरच्या चिंधूचा." असे दोन दिवस चालले. गिलट वितळवून त्याच्या घागरी केल्या. कुंडाभोवती दगडी कठडा बांधला, आणि रुपे घालून आत उतरू नये, अशी पाटी लावली.

शेवटी एक जोड उरला. बयजाने त्यावर अंगठा फिरवला. "कोंडाई परटिणीचा," ती म्हणाली.

बायकांनी माना खाली घातल्या. एकीने सांगितले, "साळुंकी असताना तिला कार्तिकात ससाण्याने नेलं."

त्याच वेळी राजा अनवाणी तिथे आला. मागे ताटे घेतलेले सेवक होते. शालू, मोहरा, मानपत्र. राजाने बयजासमोर हात जोडले.

"बयजाबाई, राज्याच्या पारखीचं पद तुमचं. मागाल ते मिळेल. माझं चुकलं. एकदा म्हणा, की माफ केलं."

बयजाने त्याच्याकडे पाहिले. तिला आता सगळे शब्द आठवत होते. तिने राजाचे जोडलेले हात सोडवले, त्याच्या ओंजळीत कोंडाईचे तोडे ठेवले, लेकीचा हात धरला आणि काही न बोलता निघून गेली.