लिंबाजी, हौसा आणि माळावरची कासवं

एका गावात एक भोळा शेतकरी होता. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर त्या गावची माणसं माझ्या दारात येऊन विचारतील, आमच्यातला नेमका कोणता?

नाव त्याचं लिंबाजी. अंगानं आडदांड, मनानं लोण्याचा गोळा. बायको त्याला भोळा म्हणायची. गाव जे म्हणायचं ते पोराबाळांपुढं सांगण्यासारखं नाही. माणूस आळशी नव्हता, लबाड नव्हता, विसरभोळा तर मुळीच नव्हता. एकदा कानावर पडलेली शिकवण तो जन्मात विसरत नसे. सगळी पंचाईत तिथंच होती.

गावाबाहेर, सडकेला लागून, लिंबाजीचा माळ होता. माळावर कौलारू घर, घरामागं मेथीचे वाफे, आणि उरलेल्या जागेत कासवं. पाण्यातली नव्हेत, जमिनीवरची. पाठीवर पिवळ्या चांदण्या काढलेली. लिंबाजीच्या पणजोबाच्याही आधीपासून ती तिथं नांदत होती, आणि त्यांनी कुणाचं काही वाकडं केलेलं नव्हतं.

एक दिवस वनखात्याचे शेलार गार्ड फटफटीवरून आले.

"लिंबाजी, या कासवांना सरकारचं संरक्षण आहे. ती पकडायची नाहीत, हुसकायची नाहीत, हात लावायचा नाही. कुठं आडवं आलं तर आपण वळसा घालून जायचं. ही जागा तुझी तशी त्यांचीही."

"बरं सायेब," लिंबाजी म्हणाला. "आडवं आलं की वळसा."

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याची म्हैस दावं तोडून मेथीत शिरली. लिंबाजी घमेलं घेऊन तिकडूनच चालला होता. म्हैस आडवी आली. लिंबाजीनं वळसा घातला. परत येताना ती दुसऱ्या वाफ्यात होती. लिंबाजीनं जरा मोठा वळसा घातला. तिसऱ्या खेपेला त्याला बांधावरून जावं लागलं, कारण म्हशीनं खाऊन खाऊन मध्येच बसकण मारली होती.

हौसा, म्हणजे त्याची बायको, धुणं घेऊन आली तेव्हा मेथीची काडी शिल्लक नव्हती.

"अवं, बघत काय बसलाय? म्हस हाय ती!"

"सायेब म्हनले, हुसकायचं न्हाई. जागा आपली तशी तिची."

"ते कासवाचं! बाकी कुनी बांधाच्या आत पाऊल टाकलं तर काठी घ्यायची, बोंब ठोकायची आन् पार सडकंपातुर पिटाळायचं."

"हे आधी सांगायचं की," लिंबाजी म्हणाला. "आता बग पुढच्या येळी."

पुढची वेळ यायला दोन दिवस लागले. हौसाचे मामा, तात्या, भाचीसाठी पिशवीभर पेरू घेऊन आले. सडक सोडली, बांध ओलांडला, आणि तोंडभर हसून म्हणाले, "काय जावईबापू!"

जावईबापूंनी काठी घेतली.

"हाऽऽट! हुर्र! निघ!"

तात्यांना आधी थट्टा वाटली. मग पहिली काठी पिशवीवर बसली, आणि थट्टा नाही हे त्यांना पटलं. साठीचा माणूस, पण पळाला चांगला. एक वहाण माळावर राहिली, एक सडकेवर. पेरू तर कासवांनी आठवडाभर खाल्ले.

हौसानं कपाळाला हात लावला.

"तात्या व्हते ते! घरी पावना आला तर कुनी हाकलतं का? त्याला पाय धुवाया पानी द्यायचं. घोंगडी टाकायची. च्या पाजायचा. आन् च्या घेतल्याबिगर हलू द्यायचं न्हाई. जातो म्हनला तरी धरून ठिवायचं."

"हे बेस झालं," लिंबाजी म्हणाला. "म्हस आली तर काठी, पावना आला तर घोंगडी."

पण तात्या गप्प बसणारे नव्हते. सडकेपलीकडं ओढा, ओढ्यापलीकडं अर्ध्या कोसावर हौसाचं माहेर. तात्या तसेच अनवाणी तिकडं गेले आणि हौसाच्या वडिलांना, आबांना, पाठ उघडी करून दाखवली. आबांनी निरोप धाडला: येत्या सोमवारी मी स्वतः येतो. जावई माणसात असला तर ठीक. नसला तर लेक घेऊन जाईन.

निरोप ऐकून लिंबाजीच्या हातातला घास हातातच राहिला. त्याला भुताची भीती नव्हती, सापाची नव्हती. हौसा जाईल याची मात्र फार होती.

"हौसा, तू गेलीस तर मी इचारू कुनाला?"

हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुनी कुटं जात न्हाई. तुमी फक्त सोमवारचा दीस धड वागा."

सोमवारला अजून दोन दिवस होते. शनिवारी एक म्हातारं कासव रांगत रांगत थेट उंबऱ्यापाशी आलं. लिंबाजीनं पाहिलं. काठी घ्यावी, तर कासवाला हुसकायचं नाही. वळसा घालावा, तर हे दारात आलेलं. दारात आला तो पाहुणा. त्यानं घोंगडी टाकली. दोन्ही हातांनी घोंगडीच कासवाखाली सरकवली, कारण कासवाला हात लावायचा नव्हता. चारी पायांवर तांब्याभर पाणी घातलं. बशीत चहा ओतला. कासवानं मान आत घेतली.

"लाजू नगा," लिंबाजी म्हणाला. "घरचाच हाय."

पाहुणा जायला निघाला. लिंबाजीनं त्याच्यावर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलं. "च्या घेतल्याबिगर न्हाई सोडनार!"

नेमके तेव्हाच शेलार गार्ड कासवं मोजायला आले. डालगं उचललं तर कासव धडपडून उताणं झालेलं, चारी पाय हवेत, अंग चहानं माखलेलं. गार्डनी आधी ते अलगद पालथं केलं. मग लिंबाजीकडं वळले.

"अरे, त्याचा जीव गेला असता! दोन गोष्टी कानात कोरून ठेव. एक, खायला-प्यायला काही घालायचं नाही. सवय लागली की हलत नाहीत. त्यांचं ती शोधून खातात. आणि दुसरी, पोट वर, पाय वर असं दिसलं तर बघत बसायचं नाही. तेवढ्यापुरता हात लावायचा आणि झटकन पालथं घालायचं."

"बरं सायेब. घालायचं न्हाई, आन् पालथं घालायचं."

सोमवार उजाडला. हौसा पुरणासाठी डाळ शिजवून गहू दळायला गिरणीत गेली. जाताना चार वेळा म्हणाली, "आबा आलं तर नीट वागा." आबा तिच्या अंदाजापेक्षा दोन तास आधीच आले. उन्हाचे, उपाशी, आणि जावई पारखायला.

लिंबाजीनं काठी घेतली नाही. पाय धुवायला पाणी दिलं, ओट्यावर घोंगडी टाकली, हात जोडून उभा राहिला. आबा मनात म्हणाले, तात्या उगीच काहीबाही सांगतो.

"जावईबापू, भाकरी हाय का चतकोर?"

लिंबाजीला घाम फुटला. हौसानं सांगितलं होतं, पाहुण्याला चहा. तिच्यानंतर साहेबांनी सांगितलं होतं, घालायचं नाही. नंतरचं ते पक्कं.

"हाय, पन देनार न्हाई."

"का?"

"सवय लागती, आबा. मग तुमी हलायचा न्हाई."

आबांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं.

"मागल्या अंगाला कवळं गवात हाय," लिंबाजी हात जोडून म्हणाला. "निवडुंगाची फळं बी पिकल्यात. तुमचं तुमी हुडकून खावा."

आबांनी दात आवळले. लेक येईपर्यंत बोलायचं नाही असं ठरवून ते घोंगडीवर आडवे झाले. उपाशीपोटी त्यांना लगेच झोप लागली. उताणी झोप. ढेरी वर, गुडघे वर, तोंड उघडं, घशातून खर्र खर्र आवाज.

लिंबाजीनं ते पाहिलं आणि त्याच्या काळजाचं पाणी झालं. हौसाचा बाप, आणि आपल्या दारात जीव जायला लागलाय! तो धावला. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. झटकन पालथं!

ओटा अरुंद होता. खाली बैलांसाठी भिजत घातलेल्या पेंडीचं घमेलं होतं. आबा बरोबर त्यात पालथे झाले, तोंडावर.

हौसा दळण घेऊन दारात आली ती याच क्षणी.

आबा उठले. मिशांतून पेंड गळत होती. "हौसे, बोचकं बांद. हितं एक घटका ऱ्हायाचं न्हाई."

लिंबाजी ओट्याचा खांब धरून उभा राहिला. हौसानं बापाकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. मग दळणाचा डबा खाली ठेवला.

"आबा, यांनी तुमास्नी मारलं न्हाई. वाचवाया गेलं. मी न्हाई येनार."

"ह्या खुळ्यापाशी जलम काढनार?"

"काढनार. माजा हाय खुळा."

आबा पागोटंही न घेता तरातरा निघून गेले. लिंबाजी पागोटं घेऊन मागं धावला. सडकेवर आला तर आबा ओढ्यापार दिसेनासे झाले होते. सडकेच्या मधोमध शेलार गार्ड फटफटी आडवी लावून उभे होते. त्यांच्या पुढ्यात एक कासव होतं.

"सायेब, ह्ये हिकडं कुटं? घरी नेऊ का माघारी?"

"माघारी नाही!" गार्ड म्हणाले. "नीट बघून घे, कायमचं कामाला येईल. सडकेवर असलं की त्याचं तोंड कुणीकडं आहे ते बघायचं. तोंड ज्या बाजूला, त्याच बाजूला पार नेऊन सोडायचं. आपल्याला किती का वाटेना, माघारी आणायचं नाही. आणलं तर ते पुन्हा तिकडंच निघतं आणि गाडीखाली येतं."

गार्डनी कासव उचललं, पलीकडच्या गवतात सोडलं, आणि हात झटकून गेले. लिंबाजी पुटपुटत परतला. तोंड ज्या बाजूला, त्याच बाजूला.

घरी हौसा अंगणाच्या कडेला बसली होती. बापाला परत पाठवलं खरं, पण आता तिला नवऱ्याचा राग आला होता. तिनं लिंबाजीकडं पाठ केली आणि तोंड सडकेकडं फिरवलं. घरोघरीच्या बायका रुसतात तशी ती रुसली. नवऱ्यानं जवळ यावं, हौसा, चुकलं माझं म्हणावं, एवढीच अपेक्षा.

लिंबाजी समोर येऊन तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं तिच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. सडक. ओढा. ओढ्यापलीकडं माहेर.

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पण शिकवण ती शिकवण. हौसा गाडीखाली यायला नको.

त्यानं तिला अलगद उचललं.

नवरा रडतो काय, उचलून घेतो काय, हौसाचा निम्मा राग तिथंच गेला. तिनं त्याच्या गळ्यात हात टाकला. लिंबाजीनं सडक ओलांडली. तिला वाटलं, हवा खायला नेताहेत. ओढा ओलांडला. तिला वाटलं, देवीपुढं माफी मागायला नेताहेत. देऊळ मागं पडलं तेव्हा तिनं मान वर केली, पण तोवर माहेरची वेस आली होती.

घरात आबा मिशा धुऊन हौसाच्या आईला सांगत होते, "न्हाई आली पोरगी. पन जीव हाय तिचा त्याच्यावर. आता मी बी काय बोलायचो न्हाई."

तेवढ्यात लिंबाजीनं हौसाला उंबऱ्यावर नेमकं ठेवलं. तोंड घराच्या आत. आबांचं पागोटं बाजूला ठेवलं. बाहीनं डोळे पुसले.

"आबा, हिला माघारी वळवू नगा. न्हाईतर गाडीखाली यील."

"आवं काय बोलताय?" हौसा ओरडली. "मला हितं का आनलं?"

"तुजं तोंड हिकडं व्हतं."

"मी रुसले व्हते वो!"

लिंबाजीनं तिच्याकडं पाहिलं. हुंदका आवरला. आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच एक शिकवण दिली.

"मग रुसताना तोंड आपल्या घराकडं करून रुसायचं की!"