आलोच म्हननारा राजा

एका राज्यात घाईलाच देव मानायचे. तिथल्या राजाचं नाव भालसेन. त्येच्यापाशी वाऱ्याचा घोडा व्हता. बसला की निघाला, निघाला की पोचला, पोचला की पुन्हा निघाला. जेवताना बी येक पाय रिकिबीत. कुनी हाक मारली की तोंडात येकच सबूद, "आलोच!" आन यायचा कवा? कवाच न्हाई. डोक्यावर मुकुट व्हता म्हनून राजा म्हनायचं, न्हाईतर आसल्या मानसाला दारात कोन उभं करतंय?

येकदा घोडा दलदलीच्या काठानं चालला व्हता. काठावर म्हाळू चेटकीन वरडत व्हती.

"राजा, माझी भन रुततीया. माझा मंतर चिखलावर चालत न्हाई. हात दे!"

"आलोच!" राजा म्हनला आन गेला निघून.

भन बुडाली. म्हाळूनं मूठभर चिखल उचलला आन शाप दिला, "तुझं आलोच तुझ्या काळजाच्या तुकड्याला खाईल. येका आलोचला तिचं येक वरीस."

शाप ऐकायला तरी थांबावं का न्हाई? त्यो तवर दोन डोंगर पार गेलता.

राजाला येकच लेक, सोनकी. सात वरसांची. आई न्हवती, जे काय ते आबा.

"आबा, माझा दात हालतोय, बघा की!"

"आलोच!" सोनकी आठाची झाली.

"आबा, कुत्रीला पिल्लं झाली. येक तर आख्खं पांढरं हाय!"

"आलोच!" नवाची झाली.

"आबा, अंग तापलंय माझं."

"आलोच!" दहाची.

आसं दोन महिनं चाललं. अंग वाढलं, केस पिकले, पाठ वाकली. मन मातुर सातातच ऱ्हायलं, कारन मधली वरसं ती जगलीच न्हवती. वाड्यातली मानसं राजाला सांगायला जायची, तर राजा जाग्यावर कुठं?

येक दिवस दरबाराच्या दारात काठी टेकत येक म्हातारी आली. राजा घोड्यावर चढत व्हता. म्हनला, "आजीबाई, कोन पायजे?"

म्हातारीचं तोंड रडवेलं झालं. "आबा, मी सोनकी. तुमी मला आजी का म्हनताय?"

राजाचा पाय रिकिबीतनं निसटला. त्येनं तिचा हात धरला. हात सुकल्या काटकीगत, आन डोळे त्येच्या लेकीचे.

छपरावर टिटवी बसली व्हती. ती बोलली, "राजा, तुझा सबूद हिला खातोय. दलदलीवर जा. घोडा हितंच बांध."

राजा चालत गेला. टिटवी संगं उडाली. म्हाळूच्या झोपडीपुढं त्येनं मुकुट काढून ठेवला.

म्हाळू म्हनली, "तीन कामं कर, मग शाप तुटंल. घाई केलीस की लेकीचं येक वरीस जाईल. आता तिच्याजवळ मोजकीच उरल्यात."

"सांग."

"हे दूध मी इरजलंय. दही लागंस्तवर बस. झाकन काढू नको."

राजा बसला. बसला कसला, वळवळला. झाकन काढलं. दूधच.

"गेलं येक," टिटवी म्हनली.

मग पुन्हा काढलं. पुन्हा काढलं. लेकीची तीन वरसं गेली. राजानं शेवटी दोनी हात मांडीखाली दाबले आन रडत बसला. रडून झालं. मग माशीचा आवाज आला, वाळक्या गवताचा वास आला. इतक्या वरसांत त्येच्या नाकाला वास म्हून आला न्हवता. दही लागलं.

दुसरं काम. म्हाळूची लंगडी गाय पान्यावर न्यायची. वढायची न्हाई, हाकायची न्हाई. घोडा जिथं डोळ्याची पापनी लवंस्तवर पोचला आसता, तिथं गाय उन्हं कलंडताना पोचली.

"वाटंत काय दिसलं?" म्हाळूनं इचारलं.

"मागच्या उजव्या खुराला भेग हाय. लिंबाखाली लई येळ हुंगत उभी ऱ्हायली. तिथं तिचं काय तरी गेलंय."

"वासरू," म्हाळू म्हनली आन तोंड फिरवलं.

तिसरं काम. "माझ्या भनीचं सांगते. ऐक. उठायचं न्हाई."

ती सांगू लागली. भनीचं नाव गिरजा. भाकरी थापताना गानं म्हनायची आन कडवं इसरली की भाकरीलाच शिव्या द्यायची. सांगता सांगता गडावर शिंग वाजलं. दुश्मन आला!

राजानं पुन्हा दोनी हात मांडीखाली दाबले.

"जातोस?" म्हाळूनं इचारलं.

"न्हाई. मग ती चिखलात कशी गेली?"

"माझ्यासाठी कमळाचा कांदा काढायला. मला आवडतो म्हनून."

शिंग वाजतच व्हतं. राजा हालला न्हाई. म्हाळूनं शेवटपातूर सांगितलं, भनीची बोटं दिसायची कवा थांबली ते बी. राजा तिच्या पायाशी पडला. "मी हात दिला आसता तर..."

"तर आली आसती वर. तीन पावलांवर व्हतास तू."

शाप तुटला. दलदल आटली आन तिथं कोरडी वाट झाली.

राजानं भीत भीत इचारलं, "लेकीची वरसं?"

"माझी भन आली का परत?"

राजा खाली मान घालून गडाकडं चालाया लागला.

गडावर आला तर दुश्मन कसला, मेंढरांची धूळ व्हती. धुळीला बघून शिंग फुकनारी घाईची औलाद! राजानं वाऱ्याचा घोडा मोकळा सोडला. राज्यातली मानसं बसून जेवाया लागली, येकमेकांचं बोलनं पुरं ऐकाया लागली.

सोनकी म्हातारीच ऱ्हायली. ज्वारी निसवली, कनसं भरली, तवर बाप रोज तिच्यापाशी. तिला आपल्या हातानं भरवायचा, तिची वेनी घालायचा. तीन पेडांची वेनी त्येला चाळिशीत आली.

येक दिवस दोघं भिंतीला टेकून उन्हात बसली व्हती.

"आबा, ही मुंगी कुठं चाललीया?"

"बघू या की."

मुंगीच्या तोंडात तांदळाची कनी व्हती. ती पडायची, मुंगी मागं फिरायची, पुन्हा उचलायची. दोघांनी तिला भिंतीच्या ह्या टोकापासनं त्या टोकापातूर बघितलं. ती बिळात शिरली तवा सोनकी खुदकन हासली आन तिनं डोकं आबाच्या खांद्यावर टेकलं.

मग उचललं न्हाई.

परधान आला, "महाराज," म्हनला. राजानं बोट ओठावर ठेवलं. ऊन भिंतीवरनं उतरलं, अंगनातनं गेलं. राजा बसूनच व्हता.