आईचे पान

पुष्कळ वर्षे झाली; तेव्हा राज्य कोणाचे होते हेही आता कुणाला आठवत नाही. एका गावात गोजरा नावाची बाई राहत होती. तिच्या हातच्या भाकरीला पंचक्रोशीत तोड नव्हती. घरादाराला, आल्यागेल्याला ती गरमगरम वाढायची आणि सगळे उठले की उरलेसुरले आपण खायची. तिच्या आईनेही जन्मभर तेच केले होते.

आपल्या लेकीला, मैनेला, मात्र ती रोज बजावायची की बाई गं, पोटाला कधी चिमटा घेऊ नकोस. मैना हो म्हणायची आणि आईकडे बघत राहायची.

मैना सासरी गेली, तिला मुलगी झाली. काही वर्षांनी निरोप आला की मैना चुलीपाशी चक्कर येऊन पडली. गोजरा धावतच गेली. वैद्य म्हणाले की रोग काही नाही, पण अशीच अर्धपोटी राहिली तर पुढचा उन्हाळा ही बघत नाही. घरात तर धान्याच्या कणग्या भरलेल्या. सासू बिचारी कळवळून सांगत होती की हिला कोणी अडवत नाही हो, हीच सगळ्यांच्या मागून बसते.

गोजराने लेकीला पुष्कळ सुनावले. तोंडाची वाफ दवडली म्हणा ना! मैनेने मान डोलावली आणि दुपारी पुन्हा तळाची खरवड खाल्ली.

अंगणात नात भातुकली खेळत होती. बाहुलीचे, मांजराचे, आजीचे अशी पाने तिने मांडली.

"तुझं पान कुठं गं?" गोजराने विचारले.

"मी आई झालेय ना, आजी. आईचं पान नसतं."

गोजराच्या काळजात चर्र झाले.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली तेव्हा तिने आपले पान मांडले आणि सगळ्यांबरोबर जेवायला बसली. जन्मात पहिल्यांदा तव्यावरची भाकरी समोर आली. लाजेने तिचे कान तापले, तरी ती पोटभर जेवली. मग ती रोजच तशी बसू लागली आणि मैना नुसती बघत राहिली. पाचव्या दिवशी तिने आपले पान आणून आईशेजारी मांडले.

गोजरा लेकीकडेच राहिली. उन्हाळा आला तेव्हा मैना विहिरीवरून भरली घागर आणू लागली होती. एका दुपारी, आजवर पंगत उठल्यावरच जेवणाऱ्या सासूने भिंतीकडे बघत हळूच विचारले, "विहीणबाई, मीही बसू का तुमच्याबरोबर?" तीही कुणाची तरी लेकच होती.

तात्पर्य: लेकी आईचे सांगणे ऐकतात, पण उचलतात ते आईचे वागणे.