मागाशेजारचा कॉम्प्युटर

नदीकाठच्या एका गावात दोन विणकर भाऊ राहत होते. थोरला मुरलीधर, धाकटा प्रल्हाद. घरात माग एकच होता, पण भांडण नव्हतं. मुरलीधर साडीच्या काठाची नक्षी काढायचा आणि प्रल्हाद ती मागावर विणायचा. एकाचं डोकं, दुसऱ्याचे हात.

आधी मुरलीधर चौकटींच्या कागदावर नक्षी काढायचा. एक चौकट चुकली की सगळा कागद वाया. मग त्याने एक कॉम्प्युटर आणला आणि मागाच्या शेजारी मांडला. घरात त्या कॉम्प्युटरचा मान मोठा होता. मुरलीधरच्या बायकोने, यमुनेने, त्याच्यासाठी झालरीचं झाकण शिवलं. दर दसऱ्याला मागाची पूजा झाली की ताट कॉम्प्युटरकडे वळायचं. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. मागाला जेवढं, तेवढंच याला. "कमी घातलं तर रुसेल तो," असं मुरलीधर हसत म्हणायचा.

दहा वर्षं गेली आणि कॉम्प्युटर मंद झाला. बटण दाबून माणसाने अंघोळ करून यावी, तरी तो जागा होत नसे. मुरलीधर मात्र चिडत नसे. शेजारी बसून सुपारी कातरायचा आणि वाट बघायचा.

त्या वर्षी आषाढात मुरलीधर तापाने गेला. चार दिवसांत गेला. चौतीस वर्षांचा होता.

दोघा भावांची मधली बहीण चंद्रकला. तिचं लग्न माघात ठरलेलं होतं. मुरलीधरने तिला शब्द दिला होता, "चंद्री, तुझ्या शालूला असा काठ देईन, की मांडवात कोणी नवरदेवाकडे बघणार नाही." आणि त्याने तो काढलाही होता. चिंचेच्या पानांचा काठ. मोर सगळेच काढतात, कोयरी सगळेच काढतात. चिंचेचं एवढंसं पान कोणी काढत नाही. एकदा त्याने तो पडद्यावर घरच्यांना दाखवला. कागदावर छापायचा तेवढा राहिला.

आता काठ कॉम्प्युटरच्या पोटात होता आणि कॉम्प्युटर उघडत नव्हता. कार्तिक लागला. शालू विणायला दोन-अडीच महिने तरी हवेत. प्रल्हादने तीन दिवस बटण दाबून पाहिलं. पडदा उजळायचा, आतून घरघर यायची आणि सगळं काळं व्हायचं. चौथ्या दिवशी प्रल्हादने त्याला एक चापट ठेवून दिली.

चंद्रकला म्हणाली, "पल्या, मारून उठायला तो काय बैल आहे?"

"बैल बरा. निदान शेपूट तरी हलवतो!"

प्रल्हादचा स्वभावच तसा. मनात आलं की पाय निघालेच. त्याच दुपारी तो तालुक्याला जाऊन आला आणि म्हणाला, "वहिनी, दुकानात योजना लागलीय. जुना द्या, नवा घ्या. उद्या हा नेतो आणि नवा आणतो."

यमुना म्हणाली, "भाऊजी, काठ आत आहे. आधी स्टँडजवळच्या निशाला तरी दाखवा."

"म्हातारा झालाय तो, वहिनी. त्याला किती दिवस सलाईन लावायचं? काठ नव्यात येईल."

कसा येईल, ते त्याने दुकानात विचारलं नव्हतं. खरं तर त्याला तो कॉम्प्युटर डोळ्यांसमोर नको होता. मागावर बसलं की शेजारची खुर्ची रिकामी दिसायची. नवा आला की तिथे सगळंच नवं दिसेल, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळला आणि एस.टी.ने तालुक्याला नेला. दुकानाच्या मागे जुन्या कॉम्प्युटरांचा ढीग लागला होता. कुणाचा पडदा फुटलेला, कुणावर लहान मुलांनी चिकटवलेली फुलपाखरं.

मालक म्हणाला, "तिकडे ठेवा ढिगावर."

प्रल्हादने ठेवला आणि विचारलं, "आतलं कोण काढणार?"

"आतलं आम्ही बघत नाही. तुम्ही फक्त या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून द्या, आत माझ्या कामाचं काही नाही. लोक मागाहून भांडायला येतात हो."

प्रल्हाद चौथीतच शाळेतून पळाला होता, पण एवढं त्याला लिहिता येत होतं. त्याने पेन घेतलं. 'आत माझ्या' एवढं लिहिलं. पुढे हात चालेना.

"शाई संपली का? हे दुसरं घ्या."

"शाई आहे," प्रल्हाद म्हणाला. त्याने पेन खाली ठेवलं, ढिगावरून आपला कॉम्प्युटर उचलला आणि तो चालायला लागला.

मालक मागून ओरडला, "अहो, आणि नवा?"

"राहू द्या त्याला. नवाच आहे, त्याला कसली घाई!"

एस.टी.तून उतरून तो थेट निशाच्या दुकानात गेला. निशा आयटीआय शिकलेली. गावातले टीव्ही, मिक्सर, कॉम्प्युटर, सगळं तिच्याकडे यायचं. तिने चार स्क्रू काढले, पत्रा बाजूला केला आणि ती आत बघतच राहिली.

"प्रल्हाद, हा कॉम्प्युटर आहे की देव्हारा?"

आत लाल-पिवळा थर साचला होता. दहा दसऱ्यांचं हळदकुंकू जाळीतून आत गेलं होतं. अक्षतांचे दाणे पंख्याच्या पात्यांत अडकले होते. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या कोपऱ्यात चुरगळून पडल्या होत्या. पंखा हलतच नव्हता.

"हा बघ, तुमचा देव. समाधी लागलीय त्याला," निशा म्हणाली. "अरे, काम करताना याचं अंग तापतं. वारा मिळाला नाही की जळायच्या भीतीने हा हळू चालतो, आणि फारच तापला की स्वतःच बंद होतो. वरून काही झाकतबिकत नाही ना?"

प्रल्हाद ओशाळला. "वहिनीने झाकण शिवलंय. झालरीचं."

"आणि ते चालू असतानाही वर असतं?"

"धूळ बसू नये म्हणून..."

"वैशाखात स्वेटर घालून तुला मागावर बसवते, मग कळेल!"

तिने ब्लोअर लावला. दुकानात लाल धुरळा उडाला. निशाला सात शिंका आल्या. समोरचा चहावाला डोकावून म्हणाला, "काय ताई, होळी आताच?"

धुरळा खाली बसला तेव्हा निशाने विचारलं, "तुमच्या मागाचा धोटा झिजला, तर तू काय करतोस?"

"धोटा बदलतो."

"माग नाही बदलत?"

"माग कशाला? माग आजोबांचा आहे. धड आहे चांगला..." प्रल्हाद बोलता बोलता थांबला.

"मग याला का निघाला होतास टाकायला? बघितलं होतंस उघडून?"

 निशाने उत्तराची वाट पाहिली नाही. तिने सगळ्यात आधी आतलं सगळं दुसरीकडे उतरवून ठेवलं आणि मगच बाकीच्या कामाला हात लावला. आतली साठवणीची जुनी डिस्क काढून तिने नवी, वेगवान बसवली आणि उतरवलेलं सगळं तिच्यात भरलं. मेमरीची एक पट्टी वाढवली. मग तिने पडद्यावर एक लांबलचक यादी दाखवली. कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप उघडणारे वीस प्रोग्रॅम त्यात होते. पंचांग, पत्त्यांचा खेळ, कधीच्या काळी कुणीतरी टाकलेली आणखी कसली कसली भर.

"सकाळी वीस माणसं एकदम न्हाणीघराच्या दाराशी उभी राहिली, तर पहिला चहा कधी मिळेल?" असं म्हणत तिने एकेकाला बाहेर काढलं.

प्रल्हाद निघाला तेव्हा ती म्हणाली, "कुंकू लावायचं तर बाहेरून एक बोट लावा. अक्षता मागाला घाला, याला नको. आणि आणखी एक ऐकून ठेव. हा अजून तीन-चार वर्षं चालेल. पुढे याचा मुख्य बोर्ड गेला, तर मात्र जीव अडकवू नकोस. आतलं काढून घे आणि खुशाल नवा आण."

घरी प्रल्हादने कॉम्प्युटर मागाशेजारी मांडला. यमुनेने झाकण घडी करून पेटीत ठेवलं. बटण दाबलं. चंद्रकला सवयीने म्हणाली, "मी भांडी घासून येते." ती दारापर्यंत पोचायच्या आत पडदा उघडला होता. तिने हातातली कढई तिथेच ठेवली.

यमुनेने माउस हातात घेतला आणि ती शोधायला लागली. मोर होते, कमळं होती, रुईफुलं होती. सगळ्यात शेवटी चिंचेची पानं आली. एका देठावर दोन्ही बाजूंनी बारीक बारीक पानं, मध्येच एक वाकडी चिंच. त्यांच्याखाली मुरलीधरने एक ओळ लिहून ठेवली होती. यमुनेने ती वाचून दाखवली.

'पल्याला विचारायचं. एवढं बारीक पान मागावर येईल का?'

 प्रल्हाद उठला आणि सरळ मागावर जाऊन बसला. तिथूनच म्हणाला, "वहिनी, छापा ते. बघतो."

पहिल्या दिवशी पान आलंच नाही. चंद्रकला वाकून बघत म्हणाली, "पल्या, ही चिंच आहे की बाभूळ? काटे लावून सासरी धाडतोस का मला?" प्रल्हादने सगळं उसवलं. दुसऱ्या दिवशी पान आलं, पण जाड आलं. तेही उसवलं. एरवी दोनदा उसवायची पाळी आली असती तर त्याने धोटा भिंतीवर फेकला असता. या वेळी तो पाणी प्यायला, त्याने दोरा बदलला आणि तो पुन्हा बसला. पाचव्या दिवशी संध्याकाळी बोटभर काठ तयार झाला. पानं सुटी सुटी, कोवळी, आत्ताच फुटल्यासारखी. चंद्रकलेने त्यावरून हात फिरवला आणि तिला चिडवायला काही सुचलं नाही.

प्रल्हाद मागावरून उतरला आणि कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीवर बसला. इतक्या दिवसांत तो तिथे पहिल्यांदाच बसला होता. यमुनेला विचारून विचारून, एकेक अक्षर शोधत, त्याने भावाच्या ओळीखाली लिहिलं,

'येतं, दादा.'

तात्पर्य: चालता चालता मंदावलेली वस्तू रागाने टाकू नये आणि मायेने झाकूनही ठेवू नये. आधी उघडून बघावी, साफ करावी, झिजलं असेल तेवढंच बदलावं. आणि टाकायची वेळ आलीच, तर आत आपलं काय आहे ते काढून घेतल्याशिवाय तिच्यावरचा हात सोडू नये.